उडत्या माणसाचा टाक

माझे यजमान रंगनाथ साळवे मलेरिया खात्यात इन्स्पेक्टर होते. सगळे त्यांना साळवे म्हणत, म्हणून चारचौघांत मीही साळवेच म्हणायचे. आता ती सवयच झाली आहे. निफाड तालुक्यातली काही गावं त्यांच्याकडे होती. सायकलवर फिरायचं, घरोघर ताप विचारायचा, बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि फवारणीचे दिवस आले की मजुरांसोबत उभं राहून प्रत्येक खोलीत पावडर मारून घ्यायची. आडनाव कळल्यावर काही घरांत त्यांना वरून ओंजळीत पाणी मिळे, काही घरांत चहा. सायखेड्याच्या कोंडाजीकडे चहा कपात मिळायचा आणि कप विसळायला कुणी सांगत नसे. त्यामुळे त्या घराविषयी त्यांना आपलेपणा होता.

त्यांना एकच नाद होता, जुन्या नाण्यांचा. भोकाचे पैसे, ढब्बू पैसे, राणीछाप रुपये. गावोगाव कुणी ना कुणी काढून देई. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात प्रत्येक नाणं वेगळ्या कागदात गुंडाळून, वर देश आणि साल लिहून ते ठेवत.

शहात्तर साली भाद्रपदात फवारणीची दुसरी फेरी सुरू होती. कोंडाजीच्या घरी घरातलं सगळं सामान अंगणात काढलं होतं आणि देव ओट्यावर ताम्हनात ठेवले होते. शेजारीच कोंडाजीची आई, यशोदाबाई, दोन घोंगड्या पांघरून उन्हात बसली होती आणि थडथड उडत होती. तिला ही थंडी वरचेवर भरायची. साळव्यांनी तीनदा रक्त तपासायला पाठवलं होतं आणि तिन्ही वेळा काही निघालं नव्हतं. ते मला म्हणाले होते, "विमल, ताप येत नाही तिला. अंग उलट गार पडतं. माठाला हात लावल्यासारखं."

त्या दिवशी त्यांची नजर ताम्हनाकडे गेली. खंडोबाचा टाक होता, देवीचा होता. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेली देवाची मूर्ती, आणि पुष्कळ घरांत गेलेल्या माणसाचाही टाक करून देवांत बसवतात. पण तिसरा टाक मोठा, जाड आणि पूर्ण गोल होता. त्यावर एक माणूस हवेत आडवा झेपावलेला. हात अंगालगत. पायांना दोन लांब फळ्या. खाली डोंगर. सगळ्यावर हळदकुंकू बसलेलं.

"हा कुणाचा?" साळव्यांनी विचारलं.

"आमच्या धाकट्याचा. पुंजाचा," कोंडाजी म्हणाला. "आईला नदीत घावला."

कडेची इंग्रजी अक्षरं आणि एकमेकांत अडकवलेल्या पाच कड्या साळव्यांनी पाहिल्या होत्या. रविवारी ते वाचनालयात जाऊन बसले. नाणं ऑस्ट्रिया देशाचं होतं, चौसष्ट सालचं. तिकडे हिवाळ्यात बर्फावरच्या खेळांची मोठी स्पर्धा भरली होती, तिची आठवण म्हणून काढलेलं चांदीचं नाणं. तो माणूस पायांना फळ्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत येतो आणि कड्यावरून हवेत झेप घेतो. जो सर्वांत लांब जाऊन उतरेल तो जिंकला.

पुढच्या फेरीला हे सगळं त्यांनी कोंडाजीला सांगितलं. कोंडाजी शरमला. त्याची बायको कुसाबाई आधीपासून म्हणत होतीच, की हा टाक आल्यापासून सासूबाईंना थंडी भरते. आठवड्याने त्याने साळव्यांना सायखेड्याच्या एसटी थांब्यावर गाठलं आणि रुमालात बांधलेलं नाणं त्यांच्या हातात दिलं.

"घेऊन जा साहेब. परमुलखातला खेळाडू आमच्या देवांत कशाला? आईला काय सांगायचं ते मी सांगतो."

म्हातारीला विचारलंय का, असं साळव्यांनी तेव्हा विचारायला हवं होतं. त्यांनी ते विचारलं नाही. इतकं देखणं नाणं त्यांच्याकडे दुसरं नव्हतं.

महिनाभराने ते खुशीत घरी आले. म्हणाले, "यशोदाबाईंची थंडी थांबली. बघ, दोघांचंही भलं झालं."

आम्ही तेव्हा नाशिकरोडला, जेल रोडवर एका दुमजली घरात वरच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते. हिवाळा गेला, त्यात काही कळलं नाही, कारण नाशिकचा हिवाळा गारच असतो. खोबरेल तेलाची बाटली थिजली की मी ती उन्हात ठेवायची आणि वेणी घालायची. पण शिमगा झाला, ऊन तापायला लागलं, तरी तेल रोज सकाळी पांढरं घट्ट. बाटली ज्या फळीवर होती तिथेच साळव्यांचा नाण्यांचा डबा होता. बाटली मी स्वयंपाकघरात नेली तर तासाभरात तेल पाण्यासारखं पातळ. फळीवर ठेवली की पुन्हा थिजलेलं. डब्याला हात लावला तर बोटं चिकटल्यासारखी झाली. मी डबा उघडला. बाकीची नाणी कोरडी होती. त्या एका नाण्याचा कागद भिजून लगदा झाला होता.

साळव्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "भिंतीला ओल असेल."

"एप्रिलात?"

त्यावर ते पेपर वाचायला लागले.

मेमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि मी दिवसभर घरी राहू लागले. तेव्हा आवाज ऐकू यायला लागला. भर दुपारी, बाराच्या पुढे, रस्त्यावर चिटपाखरू नसताना. आधी गच्चीवर कुणी सुपातलं धान्य पाखडतंय असा बारीक आवाज. तो वाढत वाढत एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जायचा आणि कठड्यापाशी आल्यावर एकदम तुटायचा. मग वाऱ्याची शीळ. झाडाचं पान हलत नसताना वाऱ्याची शीळ. मी हातातलं काम सोडून थांबायची. वरून काही गेलं म्हणजे खाली पडेल, आपटेल, आवाज होईल, असं वाटायचं. तो आवाज कधीच यायचा नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं मी तशीच उभी असायची, आणि शेवटी कळायचं की आपण श्वास धरून ठेवलाय.

आमच्या घरात देव्हारा नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तिच्यापुढे संध्याकाळी मेणबत्ती लावतो. भुताखेतांवर आमचा विश्वास नाही आणि मी मुलांनाही तसंच शिकवत आले. म्हणून मी हे कुणाला सांगितलं नाही.

एका दुपारी मी फेण्यांसाठी तांदूळ दळून आणले. गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं, ते निवायला हवं. गच्चीवर निम्म्या भागात पत्र्याची सावली होती. तिथे जुनं लुगडं लांबच लांब पसरलं, त्यावर आठ-दहा किलो पीठ हाताने सारखं केलं आणि पाणी प्यायला खाली आले. पाखडल्याचा आवाज सुरू झाला. या वेळी मी थांबले नाही. तशीच जिना चढले.

गच्चीवर कुणी नव्हतं. पिठातून मात्र दोन रेघा गेल्या होत्या. अगदी सरळ, एकमेकींना धरून, वीतभर अंतरावर. लुगड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कठड्याला भिडेपर्यंत. मांजराचं पाऊल नाही, माणसाचं नाही. मी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. खाली रिकामा बोळ होता आणि त्यात ऊन पडलं होतं. मी रेघेत बोट घातलं. पीठ गिरणीतून आणून अर्धा तास झाला नव्हता, आणि ते हाडापर्यंत झोंबलं.

संध्याकाळी साळवे आले तेव्हा मी पीठ तसंच ठेवलं होतं. त्यांनी ते बराच वेळ पाहिलं. मग दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या प्रयोगशाळेतून हवेची उष्णता मोजायचा थर्मामीटर मागून आणला. खोलीत तो अडतीसवर होता. डब्यात ठेवला आणि आम्ही दोघं समोर बसलो. पारा खाली येत येत दोनवर येऊन थांबला. साळव्यांनी तो काढला, झटकला, पुन्हा ठेवला. पुन्हा दोन.

"त्या आजींना सांगितलं होतं का?" मी विचारलं.

"कोंडाजी सांगणार होता."

"सांगितलं का पण?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मी उद्या जाऊन देऊन येतो."

"तुम्ही नका जाऊ. साळवे इन्स्पेक्टर आमचा देव घेऊन गेला होता, असं एक माणूस जरी म्हणाला तरी चार जमतील. मी जाते. बाईमाणसाशी बाया बोलतात."

हे बोलताना मला थंडीची जितकी भीती वाटत होती, त्याहून जास्त त्या चार माणसांची वाटत होती, हे खरं आहे.

सकाळच्या एसटीने निघाले. नाणं फडक्यात, फडकं जेवणाच्या डब्यात, डबा पिशवीत, पिशवी मांडीवर. शेजारी बसलेल्या बाईने थोड्या वेळाने आपला दंड चोळला आणि हसून म्हणाली, "बर्फ हाय का काय पिशवीत? लग्नाला चाललात का?" मी हो म्हणाले. ती सरकून जवळच बसली. गाडीत इतकं उकडत होतं, की तिला बरं वाटत होतं.

सायखेड्याला कोंडाजीचं घर नदीच्या अंगाला होतं. कोंडाजी शेतात गेला होता. कुसाबाईने मला दारातच ओळख विचारली, आणि साळवे म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. ओट्यावर, बाराच्या उन्हात, काहीही न पांघरता यशोदाबाई बसली होती. सुकलेली, काळी, ताठ.

"सावलीत बसतच नाय," कुसाबाई हळूच म्हणाली. "थंडी गेली तव्हापासनं असंच. जेवण तुटलं, बोलणं तुटलं."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवीकडे पाहिलं.

"आणलं का माझं पोरगं?"

मी खाली ओट्याच्या कडेला बसले आणि डबा मांडीवर घेतला.

"कोंडाजी म्हनला, घासताना नदीत पडला," ती म्हणाली. "म्या म्हनलं, एकदा पडला तो पडला. दुसऱ्यांदा कसा पडंल?"

मग तिने सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं, पण तिला सांगायचं होतं. एकोणसत्तर सालचा पूर. पाणी पार घाटाच्या देवळापर्यंत चढलेलं. त्यांची म्हैस वाहून चालली होती. पुंजा वीस वर्षांचा. देवळाच्या उंच भिंतीवर चढला, पळत आला आणि त्याने उडी घेतली.

"म्या त्याला हवेत बघितला," यशोदाबाई म्हणाली. "असा. हात अंगाला लावून. तेवढ्यात पाण्याची लाट भिंतीवर आदळली अन् माझ्या डोळ्यांत पाणी उडालं. डोळं पुसलं तर कुठंच नाय. पाण्यात पडलेला म्या नाय बघितला. कुणीच नाय बघितला. गावातली माणसं चार कोस हिंडली. अंग घावलं नाय. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी वाळूत हे चमकलं. उचलून बघितलं तर तोच. तसाच. अजून हवेतच."

वर नाशकाला कुण्या परदेशी पाहुण्याने ते नदीत टाकलं असेल, पाण्याबरोबर वाहत आलं असेल. हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते सांगितलं नाही. पण खोटंही बोलवेना. आधीच तिच्याशी एक खोटं बोललं गेलं होतं. मी म्हणाले, "आजी, हे दूरच्या देशातलं नाणं आहे. तिकडे बर्फ पडतं. हा माणूस बर्फावर खेळतोय. उंचावरून उडी मारायचा खेळ आहे तो."

ती पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट बघायला लागली.

"खेळतोय?"

"हो."

"भ्यालेला नाय?"

"नाही आजी. अशी उडी मारता यावी म्हणून ते वर्षानुवर्षं शिकतात."

"मग बरं हाय की," ती म्हणाली. "आठ वर्सं मला वाटत हुतं, भ्यालाय."

तिने हात पुढे केला. मी डबा उघडला, फडकं सोडलं आणि नाणं तिच्या तळव्यावर ठेवलं. तिने मूठ मिटली. मुठीपासून सुरुवात झाली. मनगट, मग कोपर, मग सबंध अंग थडथडायला लागलं, दात वाजायला लागले. कुसाबाई न बोलता आत गेली, घोंगडी घेऊन आली आणि सासूच्या खांद्यावर टाकली, जसं आपण पाहुण्याला पाट टाकतो. म्हातारी हसत होती. तिच्या तोंडातून वाफ निघत होती. मे महिन्यातल्या बारा वाजताच्या उन्हात वाफ. मी श्वास सोडला, तर माझ्याही तोंडातून निघाली.

"आला," ती म्हणाली.

त्याच क्षणी अंगणातून एक सावली गेली. गोठ्यापासून निघाली, आमच्या पायांवरून सरकली आणि नदीकडे गेली. पक्ष्याची नव्हती. लांबट होती आणि पंख नव्हते. मी वर पाहिलं. आभाळात काही नव्हतं. त्या दोघींनी मान वर केलीच नाही. त्यांना सवय होती.

"पाणी प्या बाई," यशोदाबाई थरथरत म्हणाली. "घाबरू नका. तो कुणाला काय करत नाय."

कुसाबाईने तांब्याभर पाणी आणि भांडं माझ्या हातात दिलं. मी ते पिऊन दुपारच्या गाडीने परत आले. घरी फळीवर तेल पातळ झालं होतं. साळव्यांनी नाण्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. मीही अंगणातून गेलेल्या सावलीबद्दल त्यांना बरेच दिवस सांगितलं नाही. पुढे त्यांची बदली सिन्नरकडे झाली आणि सायखेड्याचा संबंध तुटला.

एक्याऐंशी साली आम्ही इंदिरानगरला लहानसं घर बांधलं. त्र्याऐंशीच्या चैत्रात एका दुपारी दारात कोंडाजी उभा. पत्ता शोधत आला होता, चेहरा सुरकुतला होता, डोकं भादरलेलं.

"आई गेली साहेब. तेरा दिवस झाले."

मी चहा ठेवला. तो सांगत होता आणि मी दारात उभी राहून ऐकत होते.

त्या दिवशी सकाळपासून यशोदाबाई ओट्यावर बसून वर बघत होती आणि सारखी म्हणत होती, "पाय सरळ ठेव. खाली बघू नको. पाय सरळ ठेव." कुसाबाईला वाटलं, म्हातारीचा तोल गेला. दुपारी परसात धप्प आवाज झाला. गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली. कुसाबाई धावत गेली. परसात गव्हाच्या भुशाचा मोठा ढीग होता, त्यात खोल खड्डा पडला होता आणि खड्ड्यापुढे भुशातून दोन सरळ रेघा निघून कुंपणापाशी संपल्या होत्या. कुणी माणूस नव्हतं. ती परत ओट्यावर आली तर सासूने घोंगडी बाजूला काढून ठेवली होती.

"उतरला बाई," सासू म्हणाली. "नीट उतरला." आणि तिने चहा मागितला.

"कपभर चहा प्याली साहेब," कोंडाजी म्हणाला. "हात थरथरला नाय. दिवेलागणीला गेली. मी शेतातून आलो तव्हा तिचा हात धरला. गरम हुता."

बोलता बोलता त्याने खिशातून रुमाल काढला आणि सोडून टेबलावर ठेवला. तेच नाणं होतं. खालचे डोंगर होते, कड्या होत्या, कडेची अक्षरं होती. माणूस नव्हता. साळव्यांनी भिंग आणलं आणि खिडकीपाशी जाऊन पुष्कळ वेळ पाहिलं.

"चिंचेने आणि राखेने रोज घासलं असेल," मी म्हणाले. "झिजला असेल."

"डोंगराच्या रेघा शाबूत आहेत," साळवे म्हणाले. "अक्षरांच्या कडा बोटाला लागतात. झिजलं असतं तर सगळंच झिजलं असतं." मग त्यांनी भिंग खाली ठेवलं. मी नाण्याला हात लावला. खोलीत जितकी ऊब होती तितकंच ते कोमट होतं.

"आता आमच्यात ठेवायचं कारण नाय," कोंडाजी म्हणाला. "तुम्हाला आवडलं हुतं. म्हनून आणलं."

चहा पिऊन झाल्यावर तो थोडा घुटमळला. साळव्यांना नव्हे, मला म्हणाला, "बाई, एक विचारू का? तो जो उतरला, तो आमचा पुंजा हुता, का त्या मुलखातला खेळणारा?"

"मला माहीत नाही, कोंडाजी."

"आईला माहीत असंल," तो म्हणाला. टोपी डोक्यावर ठेवली, आणि सायखेड्याची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. साळवे त्याला थांब्यापर्यंत पोहोचवायला गेले, सायकल हातात धरून, त्याच्याबरोबर चालत. ते परत येईपर्यंत नाणं टेबलावरच होतं. मी ते उचललं नाही.